कानाला आंबट वास, दुधात गाठी, कोंबडीची फुगलेली पिशवी : आधी यीस्ट आहे का बघा, मग औषध घ्या

आमच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात दर आठवड्याला कोणीतरी येतंच, "मागच्या वेळचंच औषध द्या, कान परत खराब झालाय". औषध काढून देणं आम्हाला सोपं आहे, पण त्याने जनावराचे हाल होतात हे आम्ही बघतो, म्हणून हे पत्रक.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी, पाव फुगवायला वापरतात तिच्याच नात्यातली. ती बाहेरून येऊन चिकटते असं बहुतेकांना वाटतं, पण तसं नाहीये. कुत्र्याच्या कातडीवर मॅलेसेझिया आणि कोंबडीच्या पोटात कॅन्डिडा थोड्या प्रमाणात असतेच, निरोगी असताना पण. ओलावा राहिला, अ‍ॅलर्जी झाली किंवा अँटिबायोटिक फार दिवस चाललं की तिला रान मोकळं मिळतं. अँटिबायोटिक बॅक्टेरिया मारतं, यीस्टला काही करत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

कुत्र्याचा कान

पावसाळ्यात सगळ्यात जास्त हेच येतं. लॅब्राडॉर, कॉकर, म्हणजे लोंबत्या कानाचे, भिजून आले की आत ओल तशीच राहते. कान उलटा करून बघा: चॉकलेटी रंगाचा तेलकट मळ, आतली कातडी लाल आणि जाड, वास आंबलेल्या पिठासारखा. कुत्रा डोकं झटकत राहतो, कान जमिनीला घासतो. पंजे पण बघा, बोटांच्या मधे चाटून चाटून केस तांबूस झालेले असतील तर तिथेही यीस्ट असू शकते.

पण नुसत्या वासावरून ठरवू नका. डॉक्टर कापसाने मळ घेऊन काचेवर लावतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, थोड्या वेळात कळतं. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी एकदा आम्हाला पण दाखवलं, जांभळ्या रंगाच्या शेंगदाण्यासारख्या पेशी, मधे बारीक आणि दोन्हीकडे फुगीर, नुसती गर्दी. ते बघितल्यापासून आम्ही तपासणी झाल्याशिवाय कानाचे थेंब देत नाही. कारण पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

कानाच्या बऱ्याच थेंबांत तीन औषधं एकत्र असतात, अँटिबायोटिक, बुरशीचं आणि स्टिरॉइड. स्टिरॉइडने दोन दिवसात खाज थांबते, लोक बाटली कपाटात ठेवून देतात, आत यीस्ट तशीच असते आणि महिन्याभरात परत सुरू. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस टाकाच. इअरबड आत घालू नका, मळ अजून खोल जातो. स्पिरिट, व्हिनेगर, हळद-तेल काहीही स्वतःहून नको, सोललेल्या कातडीची फार आग होते हो.

अंगावर असेल तर मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू बहुतेकदा लिहून देतात, आठवड्यातून दोनदा. फेस करून लगेच धुतला तर पैसे वाया, घड्याळ लावून 10 मिनिटं अंगावर राहू द्या, मग धुवा आणि बोटांच्या बेचक्यासकट नीट कोरडं करा. आणि वर्षात तीन-चारदा परत होत असेल तर मागे पिसवा, खाण्याची अ‍ॅलर्जी, थायरॉइड असं काहीतरी दुसरंच कारण असतं, ते शोधायला सांगा.

गाई-म्हशी

कास सुजली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब, फरक नाही की दुसरी ट्यूब, मग तिसरी. यातच कधीकधी यीस्ट आत ढकलली जाते, सड न पुसता ट्यूब सोडली किंवा एकच नळी दोन-तीन सडांना वापरली की. मग दुधात गाठी, कास कडक, ताप, आणि कुठल्याच अँटिबायोटिकला दाद नाही. अशा वेळी डॉक्टर बऱ्याचदा ट्यूब बंद करून वारंवार धार काढायला सांगतात, आणि बऱ्याच गाई त्यावरच हळूहळू सुधारतात. तपासणीसाठी दूध पहिली ट्यूब सोडायच्या आधी घ्या: सडाचं टोक स्पिरिटने पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत धरा, बर्फात ठेवून पाठवा.

कोंबड्या, बजी (छोटे पाळीव पोपट), कबुतरं

कॅन्डिडाचा त्रास पिल्लांना जास्त होतो. वाढ खुंटते, पिसं विस्कटलेली, गळ्याखालची पिशवी सकाळीसुद्धा फुगलेली आणि तोंडाला आंबट वास. मेलेलं पिल्लू उघडलं तर पिशवीचं अस्तर पांढरं, जाड, जुन्या टर्किश टॉवेलसारखं दिसतं. निस्टॅटिन हे बुरशीचं औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही, म्हणून तिथल्या तिथे काम करतं, पण ड्रिंकर आणि पाइप घासले नाहीत तर परत तेच. मोरचूद अंदाजाने पाण्यात टाकू नका, जास्त झालं तर विष आहे.

बजी भरपूर खातोय आणि तरी छातीचं हाड हाताला लागतंय तर वाट बघू नका, ताजी विष्ठा घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा. कबुतरांची वाळलेली विष्ठा कधी कोरडी खरवडू नका, तिच्यात क्रिप्टोकोकस नावाची यीस्ट असू शकते, कबुतर ठणठणीत असतं पण माणसाच्या फुफ्फुसाला त्रास होतो. पाणी मारा, मास्क लावा, घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांना हे काम देऊच नका.

दुकानात येताना आधीची बाटली, ट्यूब नाहीतर तिचा फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नसेल तर थेंब मिळणार नाहीत, पण काय बघायचं, कोणाला दाखवायचं हे नक्की सांगू, त्याचे पैसे नाहीत.