उपद्रव

उपद्रव म्हणजे उंदीर, घुशी, ढेकूण, वाळवी, टोळ किंवा अळ्या यांनी एखाद्या जागी एवढ्या संख्येने शिरणे की तिथल्या माणसाचे, पिकाचे वा साठवणीचे नुकसान व्हावे. संस्कृत ‘द्रु’ म्हणजे धावणे. ‘उप’ लागल्यावर अंगावर धावून जाणे, हल्ला करणे. इंग्रजी ‘इन्फेस्ट’ या क्रियापदाचे कूळही असेच आहे. लॅटिन ‘इन्फेस्टस’ म्हणजे वैरभावाचा, आणि ‘इन्फेस्टारे’ म्हणजे हल्ला करणे, छळणे. इंग्रजीतही ते आधी छळण्या-लुटण्यासाठी वापरले जाई. किडींचा अर्थ मागाहून आला.

कीड आणि शत्रू यांना एका रांगेत बसवणे आपल्याकडेही जुनेच. राज्यावर येणाऱ्या सहा ‘ईती’, म्हणजे संकटे, सांगणाऱ्या प्रसिद्ध श्लोकात अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट आणि शेजारचे राजे अशी यादी येते. कौटिलीय अर्थशास्त्रात उंदरांच्या भयावर मांजरे व मुंगसे सोडण्याचा उपाय आहे, आणि या मांजरा-मुंगसांना पकडणाऱ्या वा मारणाऱ्यास १२ पणांचा (पण म्हणजे तेव्हाचे नाणे) दंड. भक्षक जपले तर कीड आटोक्यात राहते, ही जाण त्यात स्पष्ट दिसते. आयुर्वेदात मात्र उपद्रव म्हणजे मूळ रोगामागून उद्भवणारा दुसरा विकार.

बोलताना मराठी माणूस हा शब्द क्वचितच काढतो. पिकावर मावा पडतो, लाकडाला वाळवी लागते, घरात ढेकूण होतात, उंदरांचा सुळसुळाट होतो.

शेतीत ‘प्रादुर्भाव’ हा शब्द अधिक चालतो. त्याचा मूळ अर्थ दृष्टीस पडणे एवढाच, आणि हा फरक शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. कीड दिसली म्हणजे नुकसान झालेच असे नाही. फवारणीच्या खर्चाहून नुकसान जास्त होणार असेल तेव्हाच औषध मारावे, हा ‘आर्थिक नुकसान पातळी’चा विचार १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी मांडला. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन दिवस रोज सरासरी ८ पतंग सापडणे ही पातळी धरतात. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात या अळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.