चंदी, नालबंद आणि भीमथडीचं तट्टू

मराठ्यांचा घोडा आपण चौकातल्या पुतळ्यात पाहतो, पुढचे दोन्ही पाय उचललेला. जुन्या कागदांत तो भेटतो तेव्हा बहुधा त्याच्या चंदीची, म्हणजे खाण्याच्या दाण्याची चिंता चाललेली असते.

आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज सुमारे 4200 वर्षांपूर्वी व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या आसपासच्या गवताळ मैदानांत होते, असं जनुकीय संशोधन सांगतं. दख्खनची हवा आणि चारा या जनावराला फारसा मानवला नाही. त्यामुळे चांगला घोडा अरबस्तान-इराणातून गलबतांवर यायचा. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं आणि या व्यापाराची नाडी त्यांच्या हाती गेली. विजयनगर आणि विजापूर एकमेकांचे वैरी, पण घोड्यांसाठी दोघांचंही लक्ष गोव्याकडेच.

इथल्या मातीत टिकलं ते भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडीचं तट्टू. अंगानं लहान, पण काटक. घाट चढणारं आणि थोडक्या चाऱ्यावर भागवणारं.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद नेमल्याची नोंद आहे. पाणी आणि नाल यांना एवढं महत्त्व! राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराला लिहिलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलात तर पुढे घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्यात दम आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, अशी ताकीदही आहे. आणि पेटती वात उंदरानं ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील, इतक्या बारकाव्यापर्यंत राजा उतरतो. मला हे पत्र कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

पुढे पानिपतावर रसद तुटली आणि 14 जानेवारी 1761 ची लढाई उपाशी माणसांना उपाशी घोड्यांवरून लढावी लागली.

पेशवाई बुडाली, पागा रिकाम्या झाल्या, पण भाषेतून घोडं गेलं नाही. आपण अजून तोबरा भरतो, खोगीरभरती करतो, आणि काम अडलं की घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधतो.

भीमथडीलाही अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडून स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ती मिळेपर्यंत ही जात सांभाळली मेंढपाळ धनगरांनी. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला तळ, हलतो तेव्हा तट्टाच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड असतं: भांडी, मेंढरं कोंडायच्या वाघरी म्हणजे जाळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि चालता न येणारं एखादं कोकरू.