सुई जाळून संपत नाही

एखाद्या दवाखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर वापरलेल्या सुया सापडल्याची बातमी अधूनमधून येतेच. ती वाचून लोक हमखास विचारतात, हे सगळं सरळ जाळून का टाकत नाहीत? प्रश्न रास्त वाटतो, पण सुई स्टेनलेस स्टीलची असते आणि ते वितळायला साधारण 1400 अंश सेल्सिअस लागतात. वैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत पहिल्या कक्षाचं तापमान नियमानुसार 800 अंशांच्या आसपास ठेवतात, वायू जाळणाऱ्या दुसऱ्या कक्षाचं 1050. म्हणजे जंतू मरतात, प्लॅस्टिक जळून जातं आणि राखेत सुईच्या जागी सुई शिल्लक. राख उचलणाऱ्याच्या हातात ती खुशाल घुसू शकते.

सुईचं दुखणं दुहेरी आहे. पोकळीत राहिलेलं रक्त हे एक आणि टोक हे दुसरं. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बीच्या (कावीळ ब) रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. वॉर्डातल्या मावशींनी सकाळी कचऱ्याची पिशवी दाबून गाठ मारली आणि आतून सुई लागली, की डॉक्टर आधी लसीचं विचारतात ते यासाठी.

म्हणून 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत सुया, ब्लेड, स्काल्पेल यांना भट्टीच्या पिवळ्या पिशवीत जागाच नाही. त्यांना पांढरा, अर्धपारदर्शक, टोचून भोक न पडणारा डबा. अर्धपारदर्शक अशासाठी, की किती भरला ते बाहेरून दिसावं. पाऊण भरला की बंद करायचा, वरून दाबून आणखी चार सुया कोंबायच्या नाहीत. सुईवर टोपण परत बसवायचं नाही, कारण बोटाला सुई टोचते ती बऱ्याचदा तेव्हाच. हब कटरनं सुई बुडापासून कापली, की सुई पांढऱ्या डब्यात आणि सिरिंज लाल पिशवीत. कापल्यामुळे ती सिरिंज धुऊन पुन्हा विकायची सोयही राहत नाही. 2009 साली गुजरातेत मोडासा भागात हेपॅटायटिस बीची साथ पसरली, तिचा संबंध सिरिंजच्या पुनर्वापराशी जोडला गेला होता.

आता या कचऱ्यातला माझा सर्वांत आवडता भाग, ऑटोक्लेव्ह. डबे सामायिक प्रक्रिया केंद्रात जातात (असं केंद्र 75 किलोमीटरच्या आत असेल तर हॉस्पिटलला स्वतःचं यंत्र उभारता येत नाही) आणि तिथे दाबाखालच्या वाफेत शिजतात. 121 अंश, 15 पीएसआय दाब, 60 मिनिटं. कोरडी उष्णता, म्हणजे नुसती गरम हवा, वापरायची तर नियम 185 अंश आणि 150 मिनिटं मागतो. एवढा फरक का? वाफ गार वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना दर किलोमागे सुमारे 2200 किलोज्यूल उष्णता ती तिथेच सोडते. शिवाय तिचं आकारमान शेकडो पटींनी घटतं, त्यामुळे मागची वाफ आपोआप पुढे ओढली जाते. त्यात ओलाव्यामुळे जंतूंची प्रथिनं कमी तापमानालाच गोठतात. हवेला यातलं काही जमत नाही.

आणि इथली खरी वैरीण हवाच. यंत्राच्या पेटीत हवा राहिली, तर काट्यावर 15 पीएसआय दिसतो खरा, पण त्यातला काही दाब हवेचा असतो आणि तापमान ठरतं ते फक्त वाफेच्या वाट्याच्या दाबावर. निम्मीच हवा बाहेर गेली असेल तर काटा 15 वर असूनही आत 112 अंशच भरतात. हवा अजिबात काढली नसेल तर जेमतेम 100. कुकरच्या नळीतून वाफेची सरळ धार आल्यावरच शिट्टी ठेवायची, हे घरचं शास्त्र अगदी हेच आहे. आता सुईची पोकळी डोळ्यांपुढे आणा. 26 गेजच्या सुईचा आतला व्यास पाव मिलिमीटर, त्यात अडकलेली हवा, वर वाळलेलं रक्त. अशा फटीतली हवा पंपानं आधीच ओढून घेणाऱ्या निर्वात ऑटोक्लेव्हला नियम त्याच 121 अंशांना 45 मिनिटंच मागतो. वाचलेली ती 15 मिनिटं म्हणजे आधी हवा काढल्याचा मोबदला.

जंतू मेले हे काटा बघून ठरत नाही. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णताप्रेमी जिवाणूचे किमान 10 लाख बीजाणू (जिवाणूचं चिवट, सुप्त रूप) असलेली पट्टी किंवा कुपी कचऱ्यात ठेवतात. 121 अंशांना त्यांची संख्या दर दीड-दोन मिनिटांना दहावा हिस्सा होते, म्हणजे दहा लाखांवरून एकावर यायला सहा टप्पे. नंतर पट्टी ऊब देऊन वाढवायची. काही उगवलं तर यंत्र नापास.

वाफेनं टोक मात्र बोथट होत नाही. त्यासाठी पुढे तुकडे करणारा श्रेडर, किंवा सिमेंटमध्ये गाडणं, किंवा लोखंड वितळवणारी फाउंड्री. सुई खऱ्या अर्थानं संपते ती फाउंड्रीतच.

जाता जाता, सुया कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय रुग्णांच्या हाती आहे. 'टोचल्याशिवाय ताप उतरत नाही' ही समजूत अजून गावोगाव ठाण मांडून आहे आणि काही डॉक्टर तिला खतपाणी घालतात. तोंडानं घेतलेली गोळी जिथे पुरते, तिथे इंजेक्शन म्हणजे एक सुई आणि एक धोका फुकटचा.

एकही खाट नसलेला गल्लीतला दवाखानाही या नियमांतून सुटत नाही. 1998 च्या नियमांत महिन्याला हजारपेक्षा कमी रुग्ण बघणाऱ्यांना परवानगी घेण्यातून सूट होती. 2016 साली तीही गेली. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांच्या सुया मात्र 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्या ओल्या-सुक्यात टाकायच्या नाहीत. फिनेलची किंवा डिटर्जंटची जाड बाटली घ्या, सुया तिच्यात टाकत जा, पाऊण भरली की झाकणाला टेप लावा, वर मार्करनं ठळक 'सुया' लिहा आणि घंटागाडीवरच्या माणसाला सांगून, वेगळी हातात द्या.