सातबाऱ्यावर जिरायत, शेतात केळी: खान्देशातल्या महामार्ग भूसंपादनाची पार्श्वभूमी

सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही मार्ग धुळ्यात येऊन मिळतात. खान्देशाला महामार्गाचं अप्रूप कधीच नव्हतं. शेतीचा प्रश्न तीव्र झाला तो चौपदरीकरण आणि बाह्यवळणं आल्यावर, कारण बाह्यवळण सरळ शिवारातून निघतं. जळगावचं पाळधी-तरसोद वळण असंच.

महामार्गांच्या १९५६ च्या कायद्यात १९९७ साली भूसंपादनाची वेगळी कलमं आली. काम लवकर व्हावं म्हणून १८९४ च्या भूसंपादन कायद्यातली दिलासा रक्कम (जमीन सक्तीनं घेतल्याबद्दल बाजारभावावर मिळणारी जादा रक्कम) आणि तिच्यावरचं व्याज त्यातून वगळलं. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातले मोबदल्याचे निकष महामार्गांना लागू झाले ते १ जानेवारी २०१५ पासून. मधल्या काळात ज्यांची जमीन गेली, त्यांचा दिलासा रकमेचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केला. राज्यानं मात्र २०२१ मध्ये महामार्गांसाठीचा गुणांक, म्हणजे मोबदला काढताना बाजारभावाला ज्यानं गुणतात तो आकडा, दोनवरून एकवर आणला.

खरा गुंता 'बागायत' या शब्दात आहे, कारण बागायतीचा दर जिरायतीपेक्षा जास्त धरतात. गाव नमुना सातवर लागवडीयोग्य क्षेत्राची जिरायत आणि बागायत अशी विभागणी असते. नमुना बारावर पीक जलसिंचित की अजलसिंचित, ते लिहितात. ट्यूबवेल घेतली, ठिबक टाकलं, केळी उभी राहिली, की बारावर जलसिंचित लागतं. सातवरचं जिरायत तसंच राहू शकतं. मूल्यांकनाला बसल्यावर कोणता रकाना धरायचा? रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात या एका प्रश्नावर घरचं गणित फिरतं. शिवाय बाजारभाव धरतात तो पहिल्या अधिसूचनेच्या तारखेचा. त्या वर्षी पीकपेरा कोरा राहिला असेल, तर विहीर डोळ्यांसमोर असूनही शेतकऱ्याला पुरावे गोळा करत फिरावं लागतं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत पीक स्वतः नोंदवता येतं. त्याआधीच्या नोंदींचं ओझं मात्र शेतकऱ्याच्याच डोक्यावर आहे, आणि हे मला न्याय्य वाटत नाही.

संपादनाआधीच्या संयुक्त मोजणीत झाडं, विहीर, पाइपलाइन नोंदवली जाते. पण विहीर रस्त्याच्या अलीकडे आणि मळा पलीकडे राहिला तर? शेताचे तुकडे झाल्यानं होणारं नुकसान मोबदल्यात धरावं, असं कायदाच सांगतो. वाद होतो तो ते मोजायचं कसं यावर. रस्त्याच्या भरावाच्या वरच्या अंगाला काळ्या जमिनीत पावसाचं पाणी तुंबलं की कपाशी पिवळी पडते. रस्त्याखालून पाणी जाण्याच्या मोरीची जागा चुकली तर हे दर खरिपात होतं. हे शेत संपादित झालेलंच नसतं, मग ते मोबदल्याच्या यादीत येणार कुठून?

अशा परिणामांची आधीच तपासणी व्हायला हवी, तर तिचंही क्षेत्र आकसलं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला ३० किलोमीटर लांबी आणि २० मीटर जादा रुंदीची मर्यादा होती; त्यापुढे पर्यावरणाची पूर्वमंजुरी लागायची. २०१३ मध्ये ती १०० किलोमीटर आणि ४० मीटरवर गेली, बाह्यवळणासाठी ६० मीटर. तेव्हापासून त्याहून छोट्या टप्प्याला पूर्वमंजुरीची आणि तिच्यातल्या जनसुनावणीची अट उरली नाही.