मनोविकृती : लक्षणे व निदान

विचार, भावना, संवेदन वा वर्तन यांत झालेला असा बिघाड, की ज्यामुळे माणसाला स्वतःला बराच त्रास होतो किंवा त्याचे काम, शिक्षण, नातीगोती, स्वतःची देखभाल हे नित्याचे व्यवहार अडतात. त्रासाची वा अडचणीची अट व्याख्येत मुद्दाम घातलेली आहे. नुसती विक्षिप्त मते, रूढ नीतीशी न जुळणारे वागणे किंवा जवळचे माणूस गेल्यावरचे दुःख एवढ्यावरून कोणी मनोविकृत ठरत नाही. ‘मनोविकार’ हा पर्यायी शब्द मराठीत अधिक कानावर पडतो. मात्र जुन्या मराठी गद्यात राग, लोभ, मत्सर यांनाही मनोविकारच म्हटलेले आढळते, म्हणून येथे ‘मनोविकृती’ हा शब्द पसंत केला आहे. ‘वेड’ या शब्दाला आज शास्त्रीय अर्थ उरलेला नाही.

भारतीय वैद्यकात या विषयाचा सर्वांत व्यवस्थित विचार उन्मादाच्या प्रकरणांत सापडतो. चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातव्या अध्यायात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी व्याख्या आहे. (भक्ती म्हणजे येथे आवड, ओढ, देवभक्ती नव्हे.) वात, पित्त, कफ व सन्निपात यांपासूनचे चार आणि आगंतू असा पाचवा, असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. आगंतू उन्माद देव, पिशाच, राक्षस इत्यादींशी जोडलेला असला, तरी त्याच अध्यायात, जो स्वतःच्या कर्माने क्लेश पावलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस पीडा देत नाहीत, असेही स्वच्छ म्हटले आहे. या विधानाकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही.

उन्मादाच्या चिकित्सेचा अध्याय मूळ चरकाचा की ही संहिता पुढे पुरी करणाऱ्या दृढबलाचा, हा प्रश्न मात्र बराच चर्चिला गेला आहे. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आपण पुरे केल्याचे दृढबलाने नोंदवले आहे; ते सतरा कोणते, याविषयी एकवाक्यता नाही. अडचण अशी, की संहितेच्या छापील आवृत्त्यांत अध्यायांचे दोन क्रम चालत आले आहेत. एका क्रमात उन्मादाचा अध्याय नववा, तर दुसऱ्यात चौदावा येतो. टीकाकार चक्रपाणिदत्ताने दिलेली गणना धरली, तर पहिले आठ अध्याय आणि अर्श, अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय हे पाच सोडून बाकीचे दृढबलाकडे जातात, आणि त्यांत उन्मादही येतो. ही गणना अधिक ग्राह्य वाटते. तसे मानल्यास आठ अंगांची व्याख्या जुन्या थरातील, बहुधा इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासची, आणि चिकित्सेचा तपशील त्यानंतर काही शतकांनी सिद्ध झालेला ठरतो. चरकाचा काळ स्वतःच वादग्रस्त असल्याने हे आकडे अंदाजाचेच समजावेत.

यूरोपीय वैद्यकात ग्रीक काळापासून विषण्णता आणि उन्मत्तता ही दोन नावे चालत आली. हिपॉक्राटीझच्या नावावरील एका सूत्रात भीती व खिन्नता दीर्घकाळ टिकल्यास ती विषण्णतेची खूण मानली आहे. कालावधीची अट निदानात घालण्याचा हा एक फार जुना दाखला. आधुनिक वर्गीकरणाची सुरुवात साधारणपणे फीलिप पीनेलच्या 1801 च्या ग्रंथापासून धरतात. ‘मज्जाविकृती’ (न्यूरोसिस) या अर्थाचा शब्द विल्यम कलेनने 1769 मध्ये रूढ केला. ‘चित्तविकृती’साठी वापरला जाणारा मूळ शब्द (सायकोसिस) अर्न्स्ट फॉन फॉइश्टर्सलेबेनने 1845 मध्ये प्रथम योजला असे अनेक कोशांत दिलेले असते, पण कार्ल कान्श्टाटच्या 1841 च्या लेखनात तो आधीच आढळतो. गंमत अशी, की तेव्हा या दोन शब्दांचे अर्थ आजच्या जवळजवळ उलट होते. मज्जासंस्थेचा कोणताही विकार ती मज्जाविकृती आणि त्याचा मनावर उमटलेला परिणाम ती चित्तविकृती. चित्तविकृती गंभीर व मज्जाविकृती सौम्य, ही विभागणी विसाव्या शतकातली आहे.

छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) या विकृतीच्या नावाचा उगम याहून अधिक वादाचा आहे. फ्रेंच वैद्य बेनेडिक्ट मॉरेल याने 1852 च्या आणि पुढे 1860 च्या ग्रंथात ‘अकाली बुद्धिभ्रंश’ या अर्थाचा शब्दप्रयोग केला. 1860 च्या ग्रंथात सुमारे चौदा वर्षांच्या एका मुलाचे वर्णन येते : वर्गात हुशार असलेला हा मुलगा हळूहळू अबोल व उदास होतो, वडिलांचा द्वेष करू लागतो आणि शिकलेले विसरत जातो. एवढ्यावरून मॉरेलला या रोगाचा जनक म्हणण्याची प्रथा पडली. परंतु त्याच्या फ्रेंच विशेषणाचा अर्थ ‘लहान वयात येणारा’ असा घ्यायचा की ‘झपाट्याने येणारा’, हेच स्पष्ट नाही. शिवाय हा शब्द तो अवस्थेचे वर्णन म्हणून वापरतो, स्वतंत्र रोगाचे नाव म्हणून नव्हे. 1891 मध्ये आर्नोल्ट पिकने त्याचे लॅटिन रूप वापरले. एमिल क्रेपेलिनने 1893 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ते घेतले, ते मॉरेलकडून, पिककडून की स्वतंत्रपणे, याबद्दल मतभेद आहेत. शब्द कोणाचाही असो, रोगाची कल्पना क्रेपेलिनची, हे मत येथे अधिक सयुक्तिक मानले आहे.

याचे कारण त्याच्या पद्धतीत आहे. हायडल्‌बर्ग येथे क्रेपेलिन प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवी आणि त्यावर लक्षणांबरोबर पुढे काय झाले तेही लिही. एकाच दिवशी पाहिलेले दोन रुग्ण सारखेच खवळलेले, सारखेच भास होणारे असू शकतात. काही वर्षांनी एक पूर्ववत झालेला असतो आणि दुसरा खालावत गेलेला. 1899 च्या सहाव्या आवृत्तीत त्याने याच आधारावर अकाली बुद्धिभ्रंश आणि उद्दीपन-अवसाद विकृती (अतिउत्साह म्हणजे उद्दीपन व खिन्नता म्हणजे अवसाद यांचे झटके येणारी) अशी मोठी दुफळी केली. काल्बाउमची ताठरता (1874) आणि हेकरने वर्णिलेली तारुण्यातील विस्कळीतता (1871) या सुट्या अवस्था त्याने पहिल्या गटात घातल्या. ऑइगेन ब्लॉइलरला मात्र सगळेच रुग्ण खालावत नाहीत असे दिसले. त्याने 1908 मध्ये बर्लिन येथील व्याख्यानात नवे नाव सुचवले आणि 1911 च्या ग्रंथात ते अनेकवचनी वापरले, म्हणजे हा एक रोग नसून रोगांचा गट आहे असे सुचवले. मन ‘छिन्न’ होते ते विचार, भावना व इच्छा यांची एकमेकांपासून फारकत होते या अर्थाने. एका देहात दोन माणसे, असा जो अर्थ लोक लावतात तो चुकीचा आहे.

लक्षणे : मानसिक लक्षण दोन अंगांनी पाहावे लागते, हे कार्ल यास्पर्सने 1913 मध्ये ठसवले. रुग्ण काय सांगतो तो आशय आणि तो अनुभव कोणत्या जातीचा आहे ते रूप. शेजारी विष घालतो, पोलीस पाळतीवर आहेत, अंगात यंत्र बसवले आहे, हे आशय काळाप्रमाणे व परिसराप्रमाणे बदलतात. पुराव्याने न हलणारी, भोवतालच्या लोकांना न पटणारी खात्री हे त्यांचे रूप तेच राहते. निदानाला रूप उपयोगी पडते.

संवेदनाच्या लक्षणांत भ्रम आणि निर्वस्तुभ्रम यांतील भेद एस्किरॉलने पक्का केला. दोरीला साप समजणे हा भ्रम. तेथे दोरी तरी असते. कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा निर्वस्तुभ्रम. विचारांतील चुकीच्या खात्रीला मराठीत काही लेखक संभ्रम, काही विभ्रम, तर काही भ्रमच म्हणतात, त्यामुळे जुने मराठी लेख वाचताना शब्दावर विसंबू नये, वर्णन पाहावे. मंत्रचळात मनात येणारा विचार रुग्णाला स्वतःलाच वेडगळ वाटतो आणि तरी हात पुन्हा धुवावेच लागतात. संभ्रमात, म्हणजे वर सांगितलेल्या चुकीच्या खात्रीत, असा झगडा नसतो. भावनेच्या लक्षणांत उदासी, उल्हास, चिंता, चीड आणि भावनांचे बोथटपण मोडते. यांखेरीज गती, स्मृती, अवधान, झोप, भूक व कामेच्छा यांतील बदल येतात. अवसादाचे अनेक रुग्ण प्रथम ‘अंग मोडून येतं’, ‘डोकं जड आहे’, ‘पहाटे तीनला जाग येते’ अशाच तक्रारी घेऊन येतात. ‘उदास वाटतं’ हे वाक्य विचारल्याशिवाय निघत नाही.

कुर्ट श्नायडरने काही लक्षणांना प्रथम श्रेणीची म्हटले : दोन आवाज आपल्याविषयी आपापसांत बोलत आहेत, एक आवाज आपल्या प्रत्येक कृतीवर टिपणी करतो, आपले विचार मोठ्याने ऐकू येतात, कोणी ते काढून घेतो किंवा बाहेरून घालतो. मेंदूचा आजार नसताना यांपैकी एक जरी निश्चित आढळले तरी छिन्नमानस समजावे, असे त्याचे म्हणणे होते आणि अर्धे शतक ते प्रमाण मानले गेले. ही लक्षणे उद्दीपनाच्या झटक्यातही दिसतात असे पुढे लक्षात आले; अलीकडच्या दोन्ही प्रमुख वर्गीकरणांनी त्यांचा विशेष मान काढून घेतला आहे.

निदान : बहुतेक मनोविकृतींसाठी आजही रक्ताची, क्ष-किरणांची वा मेंदूच्या आलेखाची निर्णायक चाचणी नाही. निदान मुलाखत, नातेवाइकांकडून मिळालेली हकीकत आणि मानसिक स्थितीची तपासणी यांवर होते. ‘आवाज ऐकू येतात का?’ याला ‘हो’ आले म्हणजे काम संपत नाही. आवाज कानाने येतो की डोक्यातून, ओळखीचा आहे का, तुम्हाला उद्देशून बोलतो की तुमच्याविषयी, झोप लागतानाच येतो का, हे विचारावे लागते. झोपेच्या उंबरठ्यावरचे आवाज धडधाकट माणसांनाही येतात. अवधान पाहण्यासाठी शंभरातून सात वजा करत जायला सांगतात : 93, 86, 79. म्हणीचा अर्थ विचारण्याचीही रीत आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यावर ‘वाकड्या अंगणात पाय मुरगळतो’ असे उत्तर आले, तर अमूर्त विचार जमत नसल्याची शंका घेतात. पण कमी शिकलेल्या वा भाषा परकी असलेल्या माणसाबाबत ही कसोटी फसवी आहे. शेवटी मर्मदृष्टी पाहतात, म्हणजे आपल्याला काही झाले आहे हे रुग्णाला कितपत उमगते.

शारीरिक कारण वगळणे ही निदानाची पहिली पायरी आहे, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. अवटू ग्रंथी मंदावल्यास अवसादासारखे, तिचा स्राव वाढल्यास चिंतेसारखे चित्र दिसते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, स्टेरॉइड औषधे, उत्तेजक द्रव्ये, दारू अचानक सुटणे, अपस्मार, मेंदूतील गाठ ही कारणे तपासावी लागतात. काही तासांत वा दिवसांत आलेला, दिवसभरात कमीजास्त होणारा गोंधळ ही बहुधा मुग्धभ्रांती असते आणि तिचे मूळ शरीरात असते. 2007 मध्ये वर्णिलेल्या एका मेंदूदाहात शरीराचीच प्रतिपिंडे मेंदूतील ग्राहकांवर हल्ला करतात. सुरुवातीचे दिवस हुबेहूब चित्तविकृतीसारखे जातात. याहून जुना दाखला उपदंशजन्य सर्वांगवधाचा, म्हणजे उपदंश या गुप्तरोगाने मेंदू बिघडून येणाऱ्या विकाराचा. बेलने 1822 मध्ये त्याचे शारीरिक मूळ सुचवले आणि 1913 मध्ये नोगुची व मूर यांना मेंदूत जंतू सापडला. कारण सापडले की विकार मनोविकृतींच्या यादीतून दुसऱ्या शाखेकडे जातो. त्यामुळे यादीत उरतात ते विकार व्याख्येनेच अनिश्चित कारणांचे असतात.

एकाच रुग्णाला दोन वैद्य दोन नावे देतात, ही जुनी तक्रार. न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात (1972) न्यूयॉर्कमध्ये छिन्नमानसाचे निदान कितीतरी अधिक होत असल्याचे दिसले. सारख्याच निकषांनी तपासल्यावर फरक बव्हंशी मावळला. म्हणजे फरक रुग्णांत कमी आणि वैद्यांत जास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या प्रायोगिक अभ्यासात (आग्रा हे त्यांतील एक केंद्र) गाभ्याचे निकष सर्वत्र लागू पडतात असे आढळले. डेव्हिड रोझनहॅनने 1973 मध्ये खोटे रुग्ण रुग्णालयांत पाठवल्याचा जो गाजलेला वृत्तांत दिला, त्याच्या विश्वासार्हतेविषयी 2019 नंतर गंभीर शंका घेतल्या जातात. त्यावर मोठी इमारत उभारू नये.

या टीकेतून अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती (1980) रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली निघाली. तिने कारणमीमांसा बाजूला ठेवून लक्षणांची संख्या व कालावधी यांवर भर दिला. समलैंगिकता हा विकार नाही, असा निर्णय त्या संघटनेने 1973 मध्येच घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेची यादी तेथे 1990 मध्ये पोचली. सध्या अमेरिकन पुस्तिकेची पाचवी आवृत्ती (2013, सुधारित 2022) आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती (2022 पासून लागू) वापरात आहेत. दोहोंत मेळ बराच आहे, पण पूर्ण नाही. छिन्नमानसासाठी पहिली सहा महिन्यांचा एकूण कालावधी मागते, दुसरी एक महिन्याचा. लांबलेल्या शोकासाठी प्रौढांत पहिली बारा महिने, दुसरी सहा महिने.

निकषांची यादी काटेकोर दिसते तितकी ती एकजिनसी रुग्ण देत नाही. मोठ्या अवसादासाठी नऊपैकी पाच लक्षणे दोन आठवडे हवीत आणि त्यांत उदासी किंवा रस उडणे हे एक तरी हवेच. हिशेब केला तर ही अट 227 प्रकारे पुरी होते, आणि एकच नाव मिळालेल्या दोन रुग्णांत अवघे एक लक्षण समान असू शकते. पाचव्या आवृत्तीच्या क्षेत्रचाचण्यांत दोन वैद्यांची सहमती (योगायोग वजा जाता, 1 म्हणजे पूर्ण) आघातोत्तर ताणविकृतीसाठी 0.67, छिन्नमानसासाठी 0.46, तर मोठ्या अवसादासाठी 0.28 एवढीच आली. सर्वांत अधिक आढळणाऱ्या निदानांपैकी एकाचा हा आकडा. यावर तोडगा म्हणून काही विकृती कप्प्यांऐवजी कमी-अधिक तीव्रतेच्या पट्टीवर मोजण्याकडे कल वाढतो आहे. अकराव्या आवृत्तीने व्यक्तिमत्त्वविकृतींच्या बाबतीत जुने बहुतेक प्रकार काढून हेच केले.

लहान मुलांतील निदानात पालक व शिक्षक यांच्या निरीक्षणाला अधिक वजन असते आणि वयानुरूप विकासाशी तुलना करावी लागते.

वैद्यकीय निदान आणि कायद्यातील वेडेपण या भिन्न गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये 1843 साली मॅक्नॉटन खटल्यानंतर ठरलेली कसोटी एवढेच विचारते, की मनाच्या आजारामुळे आरोपीला आपण काय करतो आहोत हे, किंवा ते गैर आहे हे, कळत नव्हते का. छिन्नमानसाचे निदान पक्के असलेला माणूसही या कसोटीवर जबाबदार ठरू शकतो.