बेपत्ता जवान : शिपायाचा माग कुठे हरवतो?

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेची परंपरा जुनी आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावालाच ‘सैनिक’ जोडलं गेलं. शहीद जवानाचं गावात स्मारक होतं, दरवर्षी हार पडतो. पण ‘मिसिंग’ अशी तार आलेल्या घराचं काय? त्या घराचा प्रश्न समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथलं कुत-अल-अमारा हे शहर तुर्कांच्या हाती पडलं. शरण गेलेल्या सुमारे १३,००० जणांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वाळवंटातून चालवत नेलेले हजारो कैदी वाटेत आणि छावण्यांत मेले. पुढे बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी फौजेतल्या मात्र फक्त अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा! युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. शिपायाचा माग इतका पुसट का, याचं मूळ मला इथे दिसतं.

१९४९ च्या जिनिव्हा कराराने कैद्यांची माहिती रेडक्रॉसमार्फत कळवणं आणि लढाई थांबताच त्यांना सोडणं बंधनकारक केलं. १९७१ च्या भारत-पाक युद्धानंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते. त्यांची परतपाठवणी १९७४ मध्ये संपली. जुलै १९७२ च्या सिमला करारात युद्धकैद्यांचा उल्लेख आहे, बेपत्तांचा नाही. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत पाकिस्तानात असल्याचं मानल्या जाणाऱ्या बेपत्ता भारतीय जवानांची ४० नावं सांगितली, नंतर ‘५४ बेपत्ता’ हा आकडा रूढ झाला. आपल्याकडे एकही भारतीय युद्धकैदी नाही, असं पाकिस्तान सांगत आलं. २००७ मध्ये काही नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, तेही रिकाम्या हातांनी.

इकडे घरात वेगळाच पेच असतो. कायद्याने सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मृत मानता येतो. रूढी बारा वर्षं थांबायला सांगते, मग पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिकृती करून केलेले अंत्यसंस्कार. मधल्या काळात बायकोने कुंकू लावायचं की नाही, सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढायचं की नाही, हे कुठलाच सरकारी कागद सांगत नाही. पेन्शनसाठी ‘मृत’ या शब्दाखाली सही करणं म्हणजे आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं. ते दुःख पैशाने भरून निघत नाही. त्या माणसांना खरं काय घडलं ते हवं असतं.

उत्तर उशिराही मिळू शकतं. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी रोहतांग भागात १०२ जणांसह हवाई दलाचं विमान नाहीसं झालं. अवशेष २००३ मध्ये सापडले आणि २०२४ मध्येही आणखी चार मृतदेह हाती लागले.

इथल्या कुटुंबांसाठी पहिलं दार बेळगावचं, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. सोबत सर्व्हिस नंबर, पलटण आणि शेवटच्या पत्राची तारीख लागते. अर्जाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते. पण बेपत्ता जवानाला शेवटचं कुणी, कुठे पाहिलं, हे त्याच्याच पलटणीतले सोबती जाणतात. १९७१ ला विशीत असलेले ते जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडून ते आताच लिहून घ्यायला हवं.