हत्याराआधीचे दीड सेकंद

परळला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची मुलगी गेल्या वर्षी मालाडच्या एका कार्यालयात रात्रपाळीला लागली, तेव्हा आईने तिच्यासाठी सर्वांत आधी पेपर स्प्रे विकत घेतला. डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली आणि आईच्या जिवाला थोडा दिलासा मिळाला. दिल्लीतील 16 डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, 2013 च्या जानेवारीत, मुंबईत महिलांना छोटे चाकू वाटण्यात आले होते, त्यामागेही हीच काळजी होती आणि ती काळजी मला पूर्णपणे समजते. तरीही शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी म्हणून एक प्रश्न मनातून जात नव्हता: पर्स उघडून, डबी चाचपून, तिचे तोंड योग्य दिशेला धरून ती दाबेपर्यंत जो वेळ जातो, तेवढा वेळ हल्ला करणारा आपल्याला देतो का?

वेळेचा हा हिशेब घरच्या घरी करून पाहता येतो. कोणाला तरी 30 सेंटीमीटरची पट्टी उभी धरायला सांगावी, तिच्या शून्याच्या खुणेपाशी आपला अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवावी आणि न सांगता सोडलेली पट्टी पकडावी. बहुतेकांची पकड 15 ते 25 सेंटीमीटरच्या दरम्यान बसते. 20 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 0.2 सेकंद. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूत पोहोचून बोटांपर्यंत हुकूम यायला एवढा वेळ लागतोच, आणि तोही काय घडणार आणि काय करायचे हे दोन्ही आधीपासून ठाऊक असताना. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1952 मध्ये दाखवून दिले, की निवडीचे पर्याय जसजसे वाढतात तसतसा प्रतिसादाचा वेळही वाढत जातो. ओरडू, पळू, साखळी ओढू की स्प्रे काढू, हा विचार त्या क्षणी प्रथमच करावा लागला, तर तो विचारच वेळ खाऊन टाकतो.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये असाच एक हिशेब मांडला. चाकू घेतलेला माणूस 21 फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचे पिस्तूल काढून झाडायला प्रशिक्षित पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आता आपल्याकडची अंतरे पाहावीत. लोकलचा डबा सुमारे 12 फूट रुंद असतो, आणि प्रभादेवीहून परळकडे येणाऱ्या पादचारी पुलावर गर्दीच्या वेळी दोन माणसांमध्ये हातभरही जागा नसते. कमरेला पिस्तूल असलेल्या पोलिसालाही जे 21 फूट जेमतेम पुरतात, ते अंतर मुंबईत रोज प्रवास करणाऱ्या बाईला क्वचितच मिळते.

त्यातच भीती शरीराचा ताबा घेते. धोक्याची जाणीव होताच अमिग्डाला हा मेंदूचा छोटा भाग इशारा देतो, अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्त मांड्यांच्या व दंडांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते. वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये ‘लढा किंवा पळा’ असे ज्याचे वर्णन केले, ती ही तयारी धावण्यासाठी, ढकलण्यासाठी उत्तम आहे; बोटांच्या नाजूक कामासाठी मात्र ती वाईट आहे. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने बोटे गार पडतात, थरथरतात, आणि एरवी सहज उघडणारी पर्सची चेन अडकते. साधकबाधक विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग ताणाखाली मागे पडतो आणि कारभार सवयीच्या हाती जातो. जी सवय लागलेलीच नाही, ती अशा वेळी कुठून येणार?

लढणे आणि पळणे यांखेरीज तिसरीही एक प्रतिक्रिया आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. ती म्हणजे जागच्या जागी थिजणे. स्टॉकहोममधील एका रुग्णालयात बलात्कारानंतर मदतीसाठी आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 70 टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. हा भित्रेपणा नव्हे आणि संमती तर मुळीच नव्हे. मेंदूच्या फार जुन्या भागातून येणारी ही अनैच्छिक क्रिया आहे. “तिने प्रतिकार का केला नाही?” असे विचारणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

मग कौशल्य नेमके काय करते? याचे उत्तर शिवाजी पार्कवरच्या नेट्समध्ये रोज दिसते. ताशी 140 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. निष्णात फलंदाज चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाच्या मनगटावरून आणि धावेवरून अंदाज बांधू लागतो. शिवाय चेंडूमागे धावण्याऐवजी त्याची नजर टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबते, असे मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले. त्याची बॅट नवशिक्याच्या हाती दिली म्हणून नवशिक्याला ही नजर मिळत नाही. स्वसंरक्षणातही तसेच आहे. रिकाम्या होत चाललेल्या डब्यात कोण कुठे सरकले, फलाटावर आपण थांबलो तेव्हा मागचाही थांबला का, ओळखीचा माणूस सहज म्हणून कोणता दरवाजा लावून घेतो आहे, हे टिपणारी नजर दीड सेकंदाचे दहा सेकंद करते. कानांतले इअरफोन काढले की यातली बरीच माहिती आपोआप मिळू लागते.

ओळखीच्या माणसाचा उल्लेख मुद्दाम केला. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतांशी परिचित असतो, आणि परिचितासमोर पर्समधला स्प्रे काढायला मनच धजत नाही. म्हणून कॅनडातील एका अभ्यासाचे मोल मला मोठे वाटते. शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील 893 विद्यार्थिनींचा समावेश असलेला हा प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला तीन-तीन तासांची चार सत्रे देण्यात आली, ज्यांत धोका ओळखणे, ‘उगाच कसे बोलायचे’ हा मनातला संकोच ओलांडणे आणि ठाम शब्दांनी व शरीराने प्रतिकार करणे यांचा सराव होता. दुसऱ्या गटाला माहितीपत्रके मिळाली. वर्षभरानंतर बलात्काराचे प्रमाण दुसऱ्या गटात 9.8 टक्के, तर प्रशिक्षित गटात 5.2 टक्के होते. त्या बारा तासांत भर होता तो मनावर आणि सरावावर.

स्प्रे निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. स्प्रेमधले मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, ज्या ग्राहीला (मज्जातंतूच्या टोकावरील संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवते, तो ग्राही 1997 मध्ये शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल मिळाले. तो ग्राही उष्णतेनेही चेतत असल्याने डोळ्यांची अक्षरशः आग होते. मात्र हा ग्राही सर्वांच्याच डोळ्यांत असतो, आणि धावत्या लोकलच्या उघड्या दारातला वारा फवारा कोणाच्या तोंडावर नेईल हे सांगता येत नाही. चाकूचे तर आणखी कठीण, कारण तो हिसकावला जाऊ शकतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 37 नुसार बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याचा अधिकार आहे, आणि हे ‘आवश्यक तेवढे’ भेदरलेल्या हातातल्या पात्याला कळत नाही.

मैत्रिणीला हे सगळे सांगितल्यावर मायलेकींनी दर रविवारी चाळीच्या गच्चीवर सराव सुरू केला. डबी आता पर्सच्या कप्प्यातून ओढणीआडच्या मुठीत आली, अंगठा न बघता झाकणावर जाऊ लागला, आणि 112 व रेल्वेचा 139 हे क्रमांक तोंडपाठ झाले. सर्वांत जड गेले ते ओरडणे. लहानपणापासून हळू बोलण्याची सवय लागलेल्या त्या मुलीच्या घशातून पहिल्या रविवारी “मागे हो!” हे दोन शब्द कुजबुजीसारखे निघाले. चौथ्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू काय झाले म्हणून धावत वर आल्या, आणि कारण कळल्यावर आपल्या नातीलाही घेऊन आल्या.